सहा स्टॉप खाली

घरात एक एसएलआर कॅमेरा असला की त्या घरातल्या कुठल्याही कार्याला फोटोग्राफर बोलवायचा नाही, असा एक अलिखित नियम आहे. 'फोटोग्राफर कशाला, आपला हा आहे ना!' यातला 'हा' म्हणजे मी. आणि खरं सांगायचं तर डिसेंबर २०२२ मध्ये हे वाक्य सगळ्यात आधी माझ्याच तोंडून बाहेर पडलं होतं. कुणी आग्रह केला नव्हता. बाबा वाईतल्या एका फोटोग्राफरशी जवळजवळ बोलून आले होते, त्यांना मीच थांबवलं.

निमित्त होतं अण्णांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या, सहस्रचंद्रदर्शनाचं. माणसाने आयुष्यात हजार पौर्णिमा पाहिल्या की हे करतात. (इंजिनिअर असल्यामुळे हिशेब केल्याशिवाय राहवलं नाही. दोन पौर्णिमांमध्ये सरासरी २९.५३ दिवस, म्हणजे हजार पौर्णिमांना २९,५३० दिवस, म्हणजे ८० वर्षं आणि साधारण १० महिने. ढगाळ पौर्णिमा धरायच्या की नाही, असं मी गुरुजींना विचारलं. त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं.)

सकाळपासून मी नुसता सुटलो होतो. अंगणात, आंब्याच्या सावलीत, पाहुणे येत होते आणि मी त्यांचे 'कँडिड' फोटो काढत होतो. मॅन्युअल मोडवर. कारण आदल्या वर्षी एका फोटोग्राफी वर्कशॉपला जाऊन आल्यापासून ऑटो मोड वापरणं मला कमीपणाचं वाटायला लागलं होतं. आयएसओ १००, अॅपर्चर एफ ४, शटर सेकंदाचा दोनशेवा भाग. सावलीतल्या उजेडाला एकदम फिट्ट. फोटो सुरेख येत होते. इतके सुरेख, की थोड्या वेळाने मी ते बघायचंच बंद केलं. बॅटरी एकच होती, दिवस मोठा होता, म्हणून फोटो काढल्यावर मागच्या स्क्रीनवर तो दोन सेकंद दिसतो ती सोय बंद करून टाकली.

ऑफिसमध्ये कुणी लॉग बंद करून प्रॉडक्शनवर कोड टाकला तर मी त्याला काय काय बोलेन, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

औक्षण संध्याकाळी होतं. माजघरात. परातीत ८१ कणकेचे दिवे, तुपाच्या फुलवाती, पाटावर अण्णा, शाल पांघरलेली. सगळे दिवे लागल्यावर काकू म्हणाली, "ट्यूब बंद करा गं, दिव्यांच्या उजेडात किती छान दिसतंय." मागे भिंतीला टेकून बसलेली आजी काहीतरी पुटपुटली, पण ते कुणी ऐकलं नाही. ट्यूब बंद झाली. आणि खरंच, काय दिसत होतं म्हणून सांगू! खालून येणारा तो पिवळा उजेड, त्यात अण्णांचा चेहरा. पाच-सात मोबाइल वर आले. मी ओरडलो, "मोबाइल खाली घ्या प्लीज! फ्रेममध्ये येतायत. मी देतो सगळ्यांना फोटो." लोक बिचारे ऐकतात हो! सगळ्यांनी मोबाइल खाली घेतले.

आत्या आणि काकू दोघींनी मिळून परात धरली, ओवाळायला सुरुवात केली, आणि मी बटण दाबून ठेवलं. खटखटखट. एसएलआरच्या भिंगातून आपण जे पाहतो ते आरशातून आलेलं खरं दृश्य असतं. सेन्सरवर काय उमटणार आहे त्याचा त्यात पत्ता नसतो. मला अण्णा लख्ख दिसत होते. खाली एक्स्पोजरची काडी पार डावीकडच्या टोकाला जाऊन लुकलुकत होती. ती काडी मी पाहिली होती का? पाहिली असणार. पण त्या क्षणी तिचा अर्थ डोक्यात शिरला नाही. सेटिंग सकाळचंच होतं.

रात्री पाहुणे पांगल्यावर लॅपटॉपवर कार्ड टाकलं. सकाळचे फोटो छान. जेवणावळ छान (ती पण अंगणातच होती). आणि मग एकदम काळ्या चौकटींची रांग. एक-दोन नाही, चाळीसच्या वर. एक मोठा करून पाहिला. काळ्याकुट्ट अंधारात नारिंगी ठिपके. गंमत म्हणजे ते ठिपके अप्रतिम आले होते. प्रत्येक ज्योत वेगळी, टोकाशी किंचित वाकलेली, अगदी रेखीव. एक्क्याऐंशीच्या एक्क्याऐंशी मोजता आल्या असत्या. अण्णा नव्हते.

आता थोडं तांत्रिक. (ज्यांना कंटाळा येतो त्यांनी दोन परिच्छेद सोडले तरी चालतील, पण पुढे प्रश्न विचारायचे नाहीत. :-) )

उजेड निम्मा झाला की त्याला एक स्टॉप म्हणतात. सहा स्टॉप म्हणजे सहा वेळा निम्मा, म्हणजे चौसष्टावा हिस्सा. सावलीतलं अंगण आणि दिव्यांच्या उजेडातला चेहरा यांच्यात साधारण तेवढाच फरक होता. मी त्याच रात्री गिंप उघडलं आणि सगळे करतात तेच केलं. जेपेग फाइल उघडली, लेव्हल्समध्ये गेलो. हिस्टोग्राम म्हणजे डाव्या भिंतीला चिकटलेला एक काळा खांब आणि बाकी सगळं मैदान मोकळं. उजवा स्लायडर ओढत ओढत त्या खांबापाशी आणला. मग तो जुना उपाय, लेयरची कॉपी करायची आणि ब्लेंड मोड 'स्क्रीन' करायचा, की फोटो उजळतो. पुन्हा कॉपी, पुन्हा स्क्रीन. पाच थर झाल्यावर अंधारातून एक चेहरा वर आला आणि मी दचकलो. चौकोनी ठिगळं, गालावर हिरवे-जांभळे डाग. डोळ्यांच्या जागी दोन खड्डे. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ पायऱ्या असतात. अण्णांचा अख्खा चेहरा त्यातल्या तळाच्या दहा-बारा पायऱ्यांवर बसला होता. कपाळ, नाक, सुरकुत्या, शालीची सावली, सगळं बारा पायऱ्यांत! त्या बारा पायऱ्या कितीही ताणल्या तरी त्या बाराच राहतात, फक्त लांब लांब होतात. त्यावर जेपेग फाइल लहान करण्यासाठी चित्राचे आठ बाय आठचे चौकोन पाडून अंधारातले बारकावे आधीच फेकून देतं. जे फेकलं ते परत कुठून आणणार?

सुदैवाने कॅमेरा रॉ आणि जेपेग दोन्ही साठवत होता. रॉ म्हणजे सेन्सरने जे मोजलं ते जसंच्या तसं, चौदा बिटांत, म्हणजे १६,३८४ पायऱ्या. तिथे अण्णांच्या वाट्याला बारा नाही, शंभरेक पायऱ्या आल्या होत्या. हे कळल्यावर मला एवढा आनंद झाला की मी रात्री दोन वाजता बाबांना उठवून सांगणार होतो. नशीब, नाही सांगितलं. कारण पायऱ्या असल्या म्हणून त्यावर अण्णाच उभे आहेत असं नाही. पहिला पाऊस पडायला लागतो तेव्हा अंगणातल्या फरश्या बघा. एकीवर चार थेंब, शेजारचीवर एकही नाही, तिसरीवर दोन. पाऊस सगळीकडे सारखाच पडतोय, पण थोडा आहे म्हणून डाग डाग दिसतात. धो धो पडला की सगळ्या फरश्या सारख्या ओल्या. प्रकाशाचंही तसंच. पिक्सेलवर ६४०० कण पडणार असतील तर त्यातली अनिश्चितता त्याच्या वर्गमुळाएवढी, म्हणजे ८०. ऐंशीला एक असा साफ हिशेब. त्याचा चौसष्टावा हिस्सा म्हणजे १०० कण, त्याची अनिश्चितता १०. दहाला एक! सॉफ्टवेअर हे सगळं चौसष्ट पट मोठं करून देतं, पण कण आणि गोंधळ दोन्ही एकाच मापाने मोठे होतात. अलीकडच्या बऱ्याच सेन्सरवर आयएसओ १०० वर काढून नंतर सहा स्टॉप वर खेचलं काय किंवा सरळ आयएसओ ६४०० वर काढलं काय, फार फरक पडत नाही. माझा कॅमेरा सेकंड-हँड आणि जुना. त्याने कणांच्या गोंधळावर स्वतःचे उभे पट्टेही घातले होते. अण्णा तुरुंगात बसल्यासारखे दिसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी सगळ्यांसमोर मी म्हणालो, "औक्षणाचे फोटो जरा एडिट करायचेत. देतो आठवड्याभरात."

पुण्याला परत आलो. पहिला आठवडा खरंच बसलो. मग रिलीज आला. मग कंटाळा. मग तो फोल्डर उघडला की पोटात खड्डा पडायचा, म्हणून तो डेस्कटॉपवरून हलवून आत आत कुठेतरी ठेवला. घरून फोन आला की आई विचारायची आणि मी म्हणायचो, "अगं, एडिटिंग चालू आहे." हे वाक्य इतक्या वेळा म्हटलं की त्याचं घरात नावच पडलं. कुणाचं कुठलं काम रखडलं की काका म्हणायचे, "एडिटिंग चालू आहे का?"

अण्णांनी स्वतः एकदाच विचारलं. गुढीपाडव्याला गेलो होतो तेव्हा. "ते दिव्यांचे फोटो आलेत का रे?" मी म्हटलं, "अण्णा, पुढच्या वेळी येताना लॅपटॉप घेऊन येतो, तुम्हाला मोठ्यावर दाखवतो." लॅपटॉप गाडीत होता.

जुलै २०२३ मध्ये अण्णा गेले.

तेरा दिवस कुणीही फोटोचं नाव काढलं नाही. उलट काढलं असतं तर बरं झालं असतं. हार घालायला जो फोटो लावला तो कुठल्याशा लग्नातल्या ग्रुप फोटोतून कापून मोठा केलेला, खांद्यावर कुणाचा तरी हात तसाच राहिलेला. तो हात रोज दिसायचा मला. शेवटी वर्षश्राद्धाच्या दोन महिने आधी आत्याचा फोन आला. ती रागावली असती तर चाललं असतं. ती म्हणाली, "बाळा, जसा असेल तसा दे. अगदी वाईट असला तरी चालेल. मी त्यांना शेवटचं तेव्हाच ओवाळलं रे."

मग मी तिला खरं सांगितलं. म्हणजे 'अंडरएक्स्पोज झालेत' असं सांगितलं, त्यावर ती म्हणाली, "म्हणजे काय?" मग मी म्हणालो, "काळे आलेत. माझी चूक झाली." आत्या थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "बघ काही होतंय का."

त्या शनिवारी फोल्डर परत उघडला.

सगळ्यात आधी सोपा मार्ग. हल्ली एआयची टूल्स निघाली आहेत, काळा फोटो टाका, उजळ करून मिळतो. एकावर अण्णांचा फोटो टाकला. अर्ध्या मिनिटात आला. स्वच्छ, एक डाग नाही, शालीची वीण दिसतेय, डोळ्यांत चमक. मी खुर्चीत मागे टेकलो आणि म्हटलं, चला, सुटलो! दीड वर्षाचं ओझं अर्ध्या मिनिटात उतरलं.

मग काहीतरी खटकायला लागलं. अण्णांची डावी पापणी जराशी उतरलेली असायची. फार नाही. पण त्यामुळे ते नेहमी कुणाचं तरी म्हणणं पूर्ण न पटल्यासारखे दिसायचे. (बहुतेक वेळा ते पटलेलं नसायचंच.) या फोटोत दोन्ही डोळे एकसारखे होते. चष्मा काढून बसले होते, तर नाकावर चष्म्याचे दोन खोलगट वण असायला हवेत, ते नव्हते. वरच्या ओठाखाली दातांची कड दिसत होती. अण्णांनी त्या दिवशी कवळी घातली नव्हती, हे मला पक्कं माहीत आहे, कारण त्यावरून सकाळी आजीचं आणि त्यांचं वाजलं होतं. त्या टूलने ऐंशी वर्षांचे हजारो म्हातारे पाहिले असतील, त्या सगळ्यांचा मिळून एक चांगला म्हातारा माझ्या अण्णांच्या जागी बसवून दिला होता. टूलचा तरी काय दोष? शंभर कणांत जे नव्हतं ते त्याने अंदाजाने भरलं. त्याला विचारलंच तसं होतं.

आईला व्हॉट्सअॅपवर पाठवायला म्हणून ती फाइल निवडली होती. नाही पाठवली. पण डिलीटही केली नाही, दोन दिवस ठेवली. मोह असतोच.

मग नीट बसलो. त्या दिवसांत वाचताना अॅन्सेल अॅडम्सची एक गोष्ट हाती लागली, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९४१ साली न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावाजवळून संध्याकाळी गाडीने जाताना त्याला दिसलं की चंद्र वर आलाय आणि खाली दफनभूमीतले पांढरे क्रॉस मावळतीच्या उन्हात चमकतायत. घाईघाईत मोठा कॅमेरा उभा केला, तर लाइट मीटर सापडेना! मग त्याला आठवलं की चंद्राची तेजस्विता असते दर चौरस फुटाला २५० कँडल, आणि त्यावरून डोक्यात हिशेब करून त्याने फोटो घेतला. दुसरा घेईपर्यंत क्रॉसवरचं ऊन गेलं. एकच निगेटिव्ह. आणि तिच्यात खालचा भाग, गाव आणि क्रॉस, अगदी पातळ उमटलेला, म्हणजे अंडरएक्स्पोज्डच. प्रिंट काढताना दर वेळी मारामारी. शेवटी सात वर्षांनी, १९४८ मध्ये, त्याने त्या निगेटिव्हचा खालचा भाग रसायनात घालून गडद करून घेतला. निगेटिव्ह बिघडली असती तर सगळंच गेलं असतं. पुढे त्याने तिचे हजाराहून जास्त प्रिंट काढले. एकाच चंद्राचे हजार प्रिंट! अण्णांना सांगितलं असतं तर हसले असते. मला मात्र त्यातलं एकच लक्षात राहिलं, सात वर्षं. मी तर दीडच वर्ष घालवलं होतं.

पहिलं काम, पट्टे. यासाठी आकाशाचे फोटो काढणाऱ्या मंडळींची युक्ती वापरली. लेन्सला झाकण लावलं, सेटिंग तेच, आयएसओ १००, सेकंदाचा दोनशेवा भाग, आणि अंधाऱ्या खोलीत वीस फोटो काढले. (यावेळी काळे फोटो मुद्दाम काढले. बायकोने दारातून पाहिलं आणि काही न बोलता गेली.) त्या वीस फोटोंत फक्त कॅमेऱ्याचा स्वतःचा गोंधळ असतो. त्यांची सरासरी काढून ती मूळ फोटोतून वजा करायची. रॉथेरपीमध्ये याची सोय आहे आणि ते फुकट आहे. पट्टे नव्वद टक्के गेले. अण्णा तुरुंगातून सुटले.

दुसरं, रंग. तुपाच्या दिव्याचा उजेड लाल-पिवळा, त्यात निळं जवळजवळ नसतंच. मी इतके दिवस व्हाइट बॅलन्स नीट करायला जात होतो, म्हणजे सॉफ्टवेअरला सांगत होतो की बाबा निळा वाढव. आणि निळ्यात होता नुसता कचरा. तो कचरा कितीतरी पट मोठा होऊन गालावर जांभळे डाग पडत होते. इतकं साधं होतं ते, आणि मला कळायला दीड वर्ष लागलं. रंगाचा हट्ट सोडला. निळा चॅनेल पूर्ण बंद, हिरवा थोडासा, बाकी सगळा लाल, आणि फोटो कृष्णधवल. लाल चॅनेलमध्ये इतरांपेक्षा कितीतरी जास्त उजेड पोचला होता. एका फटक्यात चेहरा दिसायला लागला. खरखरीत, वाळूतून काढल्यासारखा, पण पापणी उतरलेली. अण्णाच.

इथे थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मग लक्षात आलं की मी बटण दाबून ठेवलं होतं. एकामागोमाग नऊ फ्रेम होत्या, दोनेक सेकंदांतल्या. आणि त्या दोन सेकंदांत अण्णा अजिबात हलले नव्हते. नाकासमोर एक्क्याऐंशी दिवे फिरत असताना कोण हलेल? नऊ फोटोंची सरासरी काढली की खरं चित्र तेच राहतं आणि गोंधळ नऊच्या वर्गमुळाने, म्हणजे तीन पटीने, कमी होतो. दहाला एक होता तो तीसला एक. मग चोवीस मेगापिक्सेलचा फोटो लांबी-रुंदीत निम्मा केला की चार पिक्सेलचा एक होतो, गोंधळ आणखी निम्मा. साठाला एक. मूळ ऐंशीच्या बऱ्यापैकी जवळ! कागदावर. कॅमेऱ्याचा स्वतःचा गोंधळ धरला तर इतकं नाही, पण दहा इंच रुंद प्रिंटपुरतं भरपूर. हल्लीचे मोबाइल रात्रीच्या मोडमध्ये हेच करतात, भराभर बऱ्याच फ्रेम घेऊन एकत्र करतात. म्हणजे त्या दिवशी मी जे मोबाइल खाली घ्यायला लावले, त्यातल्या एखाद्याने हे सगळं तिथल्या तिथे करून दिलं असतं. असो.

फ्रेम एकमेकांवर बसवायचं काम हगिनचं एक टूल आपोआप करतं, पण इतक्या खरखरीत चित्रांत त्याला खुणाच सापडेनात. शेवटी हाताने केलं. कानाची पाळी, शालीच्या काठाचा कोपरा आणि नाकावरचा तो वण. नऊ वेळा. रविवारची दुपार गेली. मग इमेजमॅजिकची एक ओळीची कमांड.

आता नऊ चित्रं एकत्र करायचे दोन प्रकार. एक मीन, म्हणजे साधी सरासरी. दुसरा मीडियन, म्हणजे प्रत्येक जागी नऊ किमती चढत्या क्रमाने लावून मधली घ्यायची. मीडियन सगळ्यांना आवडतो, कारण जे हलतं ते तो काढून टाकतो. पर्यटनस्थळाचे फोटो काढून त्यातली माणसं गायब करतात ती याच युक्तीने. मी मीडियन लावला. अण्णांचा चेहरा सुंदर आला. आणि दिवे गेले. परात हलत होती ना! बहुतेक ज्योती गेल्या, परातीची कड गेली, आत्याचे आणि काकूचे हात गेले. अंधारात एकटे अण्णा बसलेत, चेहऱ्यावर खालून उजेड आहे आणि तो कुठून आलाय ते कळत नाही. समोर कुणी नाही.

तांत्रिकदृष्ट्या तोच सगळ्यात चांगला फोटो होता. मी तो बराच वेळ बघत बसलो आणि मग कमांडमधला एक शब्द बदलला.

मीनमध्ये चेहरा तेवढा मोकळा नव्हता. पण दिवे परत आले. प्रत्येक ज्योत नऊ वेळा, नऊ ठिकाणी, फिकी फिकी, अण्णांच्या छातीपासून कपाळापर्यंत उजेडाचं एक अर्धं कडं. आणि त्या कड्यामागून धुरासारखे हात. दिवे फिरत होते म्हणून चेहऱ्यावरचा उजेडही प्रत्येक फ्रेममध्ये वेगळ्या बाजूने आला होता. सरासरीत तो दोन्ही गालांवर पसरला. असं दृश्य त्या संध्याकाळी कुठल्याही एका क्षणी कुणालाच दिसलं नव्हतं. पण त्यातलं सगळं त्या माजघरात होतं, बाहेरून आणलेलं काही नव्हतं. ते एआयवालं मी मग डिलीट केलं.

मॅट कागदावर दोन प्रिंट काढल्या. वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी वाईला पोचलो. एक आत्याच्या हातात दिली. तिने चष्मा लावला, लांब धरली, जवळ धरली. मला वाटलं, आता रडणार. ती म्हणाली, "एवढे हात कुणाचे रे?"

"तुझेच. आणि काकूचे. नऊ फोटो एकत्र केलेत."

"अगंबाई," असं म्हणून तिने बोटाने एकेक हात मोजायला सुरुवात केली. बांगडीवरून तिला तिचे कुठले ते कळत होतं. मग बोट अण्णांच्या पापणीवर आलं आणि तिथे थांबलं. मी उठून पाणी प्यायला गेलो.

परत आलो तर प्रिंट आजीच्या हातात होती. आजीला आता कमी दिसतं. ती फोटो खिडकीपाशी घेऊन गेली, उजेडात तिरपा करून पाहत राहिली, पुष्कळ वेळ. मी शेजारी जाऊन उभा राहिलो. म्हटलं, आता आशीर्वाद तरी देईल.

"मी तेव्हाच सांगत होते," आजी म्हणाली, "ट्यूब लावा म्हणून."